गंगाखेडला गंगेत (गोदावरीत) लेकराला पवायला उतरवावं का?

गंगाकाठचा
मी गंगाखेडचाच, पोटापाण्यासाठी पुण्यात. मे महिन्यात पंधरा दिवस गावाकडं येतोय. पोरगं अकरा वर्षांचं, इकडं टँकमध्ये शिकलंय, चार फुटात बदकासारखं पवतं. आज्याचा हट्ट, नातवाला गंगेत उतरव. मीही पाठीला तेलाचा डबा बांधून तिथंच शिकलो. पण दिवाळीला घाटावर गेलो तर पायऱ्यांवर हिरवा थर, पाणी जागचं हलंना, आणि नाल्याकडून वारं आलं की नाक धरावं लागायचं. नुसते पाय धुतले, तर रात्रभर पोटऱ्या खाजवत बसलो. म्हातारे म्हणतात गंगेला काय होतंय. काय करू?

पाणीतपासनीस, नांदेड
दिसण्यावर जाऊ नका. काचेसारखं पाणीसुद्धा आमच्या टेबलावर नापास होतं. आंघोळीच्या पाण्याचा निकष असा: १०० मिलिलिटरमध्ये मैल्यातून येणारे कोलिफॉर्म जंतू ५०० पर्यंत असावेत, २५०० च्या वर तर चालतच नाहीत. विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान ५ मिलिग्रॅम. उन्हाळ्यात बंधाऱ्यांमुळं नदीचं तळं होतं, वरून नवं पाणी नाही आणि गावाचं सांडपाणी मात्र रोज. पाण्यावर पोपटी रंग सांडल्यासारखी साय दिसली तर लेकरूच काय, म्हैससुद्धा उतरवू नका. त्या शेवाळाच्या काही जाती विषारी असतात.

जुना ट्रॅक्टरवाला
भाऊ, पाण्याचं हे साहेब सांगतेत ते खरंच असंल. मी तळाचं सांगतो. सात वर्षं वाळूचा ट्रॅक्टर चालवला, आता सोडला. तुमच्या लहानपणी जी मळई हळूहळू उतरत जायची ती आता नाही. आम्हीच उचलून नेली, खोटं कशाला बोलू. खड्डे तसेच राहिले, त्यात पाणी भरलं की वरून सगळं सारखंच दिसतं. मागल्या उन्हाळ्यात शेळी पडली म्हणून बांबू घेऊन उतरलो. ढोपरभर, कंबरभर, आन पुढच्या पावलाला पंधरा फुटी बांबू आख्खा आत. काठावर पाय रोवावा तर वाळूच पायाखालून सरकायली. टँकमधल्या पोराला कडा धरायची सवय असती. हितं कडा कुठंय?

पालमकर
आणि वरच्या बंधाऱ्यातून पाणी सोडलं तर? ऊन कडक असलं तरी पाणी चढतं. आधी तलाठ्याला विचारा.

गंगाकाठचा
ट्रॅक्टरवाले दादा, तुमचा बांबू काही डोक्यातून जाईना. गंगा रद्द. आमच्या मळ्यात पायऱ्यांची विहीर आहे, मेमध्येही दोन पुरुष पाणी राहतं. पण मोटारीची केबल पाण्यात लोंबते. स्टार्टर बंद केला की झालं ना?

जुना ट्रॅक्टरवाला
अजिबात नाही! तुमच्याकडं ऑटो लावलेला असंल तर? लाईट आली की मोटार आपोआप चालू. खांबावरून येणाऱ्या लाईनचे तिन्ही फ्यूज काढून खिशात टाका, पोरगं वर येऊन अंग पुसंस्तोवर कुणाच्या हातात देऊ नका. पोराच्या कमरेला सोल, म्हंजे जाड दोर बांधा, दुसरं टोक आज्याकडं द्या, म्हणजे त्यांचा हट्टबी पुरा होईल. आन तेलाचा डबा पुण्याहून आणू नका, माझ्याकडं हाय.