प्रतिसाद: सीटी झालाय, मग एमआरआय कशाला?

यकृताच्या तपासणीबद्दल वर कुणीतरी लिहिलंय, 'सीटीत काही दिसलं नाही, मग एमआरआय म्हणजे पैसे उकळायचे धंदे'. हे सरसकट पटत नाही. गाठ मोठी असेल तर सीटी पुरतो, मान्य. पण आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरवताना यकृतातली सेंटिमीटरभराहून लहान गाठ सीटीतून निसटू शकते, आणि त्यावर अख्खा बेत बदलतो.

इथे कुणी कॉन्ट्रास्टबद्दल, म्हणजे चित्रात फरक उठून दिसावा म्हणून शिरेतून देतात त्या औषधाबद्दल, बोललंच नाही. एमआरआयसाठी नेहमी वापरतात ते साधं गॅडोलिनियमचं इंजेक्शन वेगळं आणि यकृतासाठीचं गॅडोक्सेटेट वेगळं. गॅडोक्सेटेटचा साधारण निम्मा भाग यकृताच्या पेशी शोषून पित्तात सोडतात. इंजेक्शननंतर साधारण २० मिनिटांनी पुन्हा चित्रं घेतात. तेव्हा निरोगी यकृत पांढरं उजळतं आणि दुसऱ्या अवयवातून यकृतात पसरलेल्या कॅन्सरच्या गाठीत यकृतपेशीच नसल्याने ती काळी उठून दिसते. अर्थात पाण्याची साधी गाठही काळीच दिसते, म्हणून टी-टू आणि डिफ्युजन या एमआरआयच्याच वेगळ्या प्रकारच्या चित्रांकडेही सोबत बघावं लागतं. बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते पिवळं द्रव्य) बरंच वाढलेलं असेल किंवा सिरोसिस (यकृत कडक, जखमी होत जाण्याचा आजार) पुढे गेला असेल तर यकृत नीट उजळत नाही, मग त्या महागड्या इंजेक्शनचा फायदा कमीच. आणि हो, 'श्वास रोखा' म्हटल्यावर पेशंट हलला, तर चित्र धूसर येतं. आदल्या दिवशी घरी पंधरा-वीस सेकंद श्वास रोखायची सवय करून गेलेलं बरं.