प्रति: शब्दसंपत्ती आणि निबंधाचा मधला भाग
मुलांचे मराठी निबंध सुधारावेत म्हणून 'समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करून घ्या' असं एकाने सुचवलंय, त्याला थोडी पुस्ती. नुसत्या यादीने मुलं 'पाणी' दिसलं की 'जल' लिहितात आणि 'नळाला जल आलं' असं काहीतरी होऊन बसतं. त्यापेक्षा शब्द जोडीने द्या, म्हणजे पावसावरच्या निबंधासाठी: सर कोसळते, झड लागते, पाऊस भुरभुरतो, उघडतो. एका निबंधाला असे सहा-सात पुरे. मधल्या परिच्छेदात पहिलं वाक्य एकाच मुद्द्याचं, पुढची तीन-चार त्याच्याच तपशिलाची. 'पावसाने रस्त्याची दैना झाली' म्हटलं की खड्डे, चिखल, बंद पडलेली रिक्षा. शेतकऱ्याचा आनंद पुढच्या परिच्छेदात. घोळ इथेच होतो, कारण आठवेल ते मुलं एकाच परिच्छेदात कोंबतात. लिहून झाल्यावर प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून 'हे पहिल्या वाक्याबद्दलच आहे का?' तपासायला लावा. नसेल ते मुलानेच खोडायचं. (सुविचार बहुधा सगळ्यात आधी जातात!)