गावच्या जैवविविधता नोंदवहीसाठी वटवाघळांचे सर्वेक्षण: जाळी लावावी का?

रानवाट, कुरखेडा
नमस्कार. आमच्या ग्रामसभेच्या लोक जैवविविधता नोंदवहीत पक्षी, मासे आणि औषधी वनस्पतींच्या नोंदी भरपूर आहेत. वटवाघळांची मात्र एकच ओळ आहे, 'चिंचेवर मोठी वटवाघळे'. पनामा व मलेशियातील वर्षावनांत संध्याकाळी बारीक धाग्याची जाळी लावून वटवाघळे पकडतात आणि मोजमापे घेऊन सोडून देतात, असे वाचले. आमचे जंगल पानझडीचे, म्हणजे साग, ऐन, मोह आणि बांबूचे. तीच पद्धत येथे चालेल का, आणि तिने शिवारातल्या सर्व जाती कळतील का?

निशाचर, अमरावती
जाळी चालते, पण सर्व जाती तिने कळत नाहीत; त्या वर्षावनांतही कळत नाहीत. पनामात फळे व मधुरस खाणाऱ्या फायलोस्टोमिडी कुळाचे प्राबल्य आहे आणि त्यातील अनेक जाती जमिनीपासून फार उंच उडत नसल्यामुळे जाळ्यात सापडतात. मलेशियात झाडीच्या आत कीटक टिपणाऱ्या घोडनाल वटवाघळांना (नाकावर घोड्याच्या नालासारखी पाळ असलेल्या) स्वतःच्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून जाळे जाणवते, म्हणून तेथे उभ्या ताणलेल्या तारा आणि खाली पिशवी अशी रचना असलेला हार्प ट्रॅप वापरतात. शेंड्यांवरून उडणाऱ्या जाती या दोहोंतूनही सुटतात. त्यांच्यासाठी अल्ट्रासाउंड डिटेक्टर, म्हणजे माणसाला ऐकू न येणारे वटवाघळांचे आवाज टिपणारे यंत्र, लागतो. डिटेक्टरही अपुराच पडतो, कारण घोडनालांचा अतिउच्च वारंवारतेचा आवाज हवेत थोड्याच अंतरावर विरतो.

तुमच्याकडे जाळ्याला खरी जागा मोहाजवळ, फुले गळण्याच्या दिवसांत, आणि उन्हाळ्यात आटत आलेल्या बोडीच्या (लहान तळ्याच्या) काठी आहे. मोहावर फलाहारी वटवाघळे येतात, बोडीवर कीटकभक्षी पाणी प्यायला उतरतात. मात्र प्रशिक्षित माणूस सोबत नसेल तर जाळे लावूच नये. अडकलेले वटवाघूळ काही मिनिटांत धागे चावू लागते आणि सोडवताना त्याच्या पंखाचे पातळ कातडे सहज फाटते.

शाळामास्तरीण, साकोली
दादा, माझे स्पष्ट मत आहे की गावाने सुरुवात दिवसाच्या वसतिस्थानांपासून करावी. पडक्या वाड्याच्या ओसरीत जमिनीवर पतंगांचे तुटके पंख आणि बेडकांचे पाय विखुरलेले दिसले, तर वर मेगाडर्मा लायरा हे मोठ्या कानांचे मांसभक्षी वटवाघूळ राहत असण्याची शक्यता मोठी आहे. ही जात भक्ष्याची खसखस ऐकून शिकार करते आणि शिकार घेऊन ठरलेल्या जागी येऊन खाते. तिचा स्वतःचा आवाज फार हळू असल्यामुळे डिटेक्टरवर ती क्वचितच येते, म्हणजे येथे यंत्रापेक्षा झाडू मारणाऱ्या बाईला अधिक माहिती असते. ताडाच्या झावळीखाली फळांचा चावून थुंकलेला चोथा पडलेला असेल, तर वर सायनोप्टेरस हे लहान फलाहारी वटवाघूळ शोधावे. पिंपळावरची किंवा चिंचेवरची मोठी वटवाघळे सूर्यास्तानंतर बाहेर पडताना दोघांनी वेगवेगळ्या बाजूंनी मोजावीत. पिल्ले अंगाला चिकटलेली असताना वसतिस्थानात शिरू नये, उजेडही मारू नये.

रानवाट, कुरखेडा
ताई, ओसरीची खूण फार उपयोगाची आहे. तशी एक जागा आमच्याकडे आहे. पुढे जाळे लावायचे ठरले, तर परवानगी ग्रामसभेची पुरते का?

निशाचर, अमरावती
पुरत नाही. वन्यजीव पकडण्यासाठी वनविभागाची लेखी परवानगी लागते. फलाहारी वटवाघळे पूर्वी 1972 च्या वन्यजीव कायद्यात उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचीत होती, पण 2022 च्या दुरुस्तीत ती अनुसूचीच गेली. हे गावात मुद्दाम सांगावे, कारण जुना समज अजून टिकून आहे. हाताळणाऱ्याने रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घेतलेली असावी. मेलेले वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नये आणि त्यांनी उष्टावलेली फळे खाऊ नयेत, एवढे मुलांनाही समजावावे. रोगाच्या भीतीने वटवाघळांचे झाड तोडण्याची काहीही गरज नाही.

नोंदवहीत प्रत्येक जातीपुढे पद्धत, वेळ, पाऊस आणि चंद्राची तिथी लिहावी. लख्ख चांदण्यात अनेक जाती कमी फिरतात, त्यामुळे पौर्णिमेची रिकामी रात्र आणि अमावास्येची रिकामी रात्र सारखी धरता येत नाही.