घर विकायला काढताना काय काय केलंत? अनुभव लिहा

मोगरा: समोरचा फ्लॅट विकायला काढलाय. आज रंगारी आलेत, जिनाभर रंगाचा वास, आणि आईचं डोंबिवलीचं घर काढलं ते दिवस आठवले. वन बीएचके, पण माळ्यावर अख्खा संसार. तांब्याचा बंब, आकाशकंदिलांचे सांगाडे, बाबांच्या पगाराच्या स्लिपा रबर लावून ठेवलेल्या. अर्ध्या खिडकीवर आलेलं कपाट हलवलं आणि ऊन थेट ओट्यापर्यंत पोचलं. नवीन काहीच घेतलं नाही, फक्त काढत गेलो. तुमचं सांगा.

सदाशिव४७: रंग नंतर, आधी कागद! फ्लॅट वडिलांच्या नावावर, सोसायटीत नॉमिनी आई. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारस सगळे. दोन्ही बहिणींकडून हक्कसोडपत्र नोंदवून घेतलं, शेअर सर्टिफिकेटवर आईचं नाव चढवलं, मगच गिऱ्हाईक बोलावलं. इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा खरेदीखताचा उतारा), घरपट्टीच्या पावत्या, सोसायटीची थकबाकी नसल्याचं पत्र, सगळं एका फाइलमध्ये. घेणाऱ्याच्या बँकेचा वकील हेच मागतो.

अनघा_प: बंब कुणाला दिला मोगरा?? माझ्या सासूबाई कधीपासून शोधतायत.

मोगरा: भावाकडे अलिबागला. अजून पाणी तापतं त्यात 😊

कोथरूडकर: ओल! वरच्यांच्या बाथरूमची गळती आमच्या बेडरूमच्या भिंतीत. एजंट म्हणे पुट्टी मारा, झाकून जाईल. मी नाही म्हटलं. वरच्यांशी बोलून आधी वॉटरप्रूफिंग, भिंत पूर्ण सुकू दिली, मग रंग. ओल्या भिंतीवर मारलेल्या रंगाचे पोपडे पहिल्या पावसातच सुटतात आणि समोरचा माणूस आयुष्यभराची कमाई घालत असतो हो.

चिऊताई: 👍👍 कोथरूडकर, अगदी मनातलं.

बांगडा_फ्राय: पितृपक्षात जाहिरात देऊ नका, आमच्याकडे कुणी फिरकलं नाही. दसऱ्याला फोन सुरू. आणि बघायला येणार त्या दिवशी मासे नकोत, आईने स्वतःच बंद केले होते.

रश्मी_न्यूजर्सी: इथे ओपन हाऊसच्या (सगळे घर बघायला येतात तो दिवस) आधी एजंटने घरचे फोटो आणि देव हलवायला सांगितले. म्हणे, बघणाऱ्याला स्वतःचं घर डोळ्यांसमोर आणता आलं पाहिजे. पटलं, तरी लंगडा बाळकृष्ण टॉवेलात गुंडाळताना रडू आलं. लोक घर बघत होते तेवढा वेळ देवांचं खोकं मांडीवर घेऊन गाडीत बसले. कुकर लागलाय, बाकी नंतर.

चिऊताई: अगं रश्मी 🙏

सदाशिव४७: सोसायटीने भरमसाठ पैसे मागितले तर देऊ नका. महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियम, म्हणजे फ्लॅट दुसऱ्याच्या नावे करताना सोसायटी घेते ते पैसे, जास्तीत जास्त २५,००० रुपये. डेव्हलपमेंट फंडाच्या नावाखाली आमच्याकडे जास्त मागत होते, लेखी मागितल्यावर गप्प झाले. वारसाच्या नावे करताना तर प्रीमियम लागतच नाही.

रश्मी_न्यूजर्सी: आले. सदाशिवकाका, सासऱ्यांचा ठाण्याचा फ्लॅट आता ह्यांच्या नावावर आहे, तोही काढायचाय. टीडीएस, म्हणजे घेणारा पैसे देताना कापतो तो कर, १% ना?

सदाशिव४७: ते ५० लाख आणि वर, विकणारा इथे राहणारा असेल तर. तुमचे यजमान अनिवासी, त्यामुळे बराच जास्त कापला जाईल. कमी कापण्याचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून मिळतं, त्याचा अर्ज व्यवहाराआधीच टाका. सीएला आजच फोन करा.