श्रद्धा म्हणजे टेकणं की राबणं?

वास्कोतला नगरकर
आमची मराठी मंडळी वास्कोत दर रविवारी उपासनेला जमते. बहुतेक माझ्यासारखे नोकरीसाठी घाटावरून आलेले, प्रोटेस्टंट. काही महिने एक प्रकार बघतोय, आता बोलतोच. एका ताईंच्या मुलाची जहाजावरची नोकरी अडलीय. कुणी म्हणालं उपास वाढवा, कुणी म्हणालं पहाटेच्या प्रार्थनेला खाडे झाले म्हणून अडलं. ताई आता वहीत खाडे लिहितात. वही मला दाखवली, प्रत्येक खाड्याखाली लाल रेघ.

याला मी श्रद्धा म्हणणार नाही, हजेरीबुक म्हणेन. मत्तयाच्या अकराव्या अध्यायात येशू कष्टी आणि भाराक्रांत लोकांना बोलावतो ते विसावा द्यायला. इफिसकरांस पत्रात पौल उघड सांगतो की तारण कृपेनं आहे, कर्मानं नाही, कुणी बढाई मारू नये. मग देवाशी मजुरीचा हिशोब कशाला? आधी त्याच्यावर टेका, मग हातून होईल ते होऊ द्या.

पेडण्याची
ताईंना वही लिहायला लावणाऱ्यांना माझ्याकडे पाठवा, मी बघते त्यांच्याकडे. पण ‘आधी टेका’ हे पुरुषांना बोलायला सोपं. आमच्या वाड्यावरच्या कुर्साचं (क्रुसाचं) फेस्त, म्हणजे सण, मे महिन्यात असतं. लादाइन, म्हणजे गाऊन म्हणायची प्रार्थना, चालू असते तेव्हा पुरुष व्हायोलिनवाल्याच्या बाजूला हात जोडून उभे, आणि आम्ही मागे चण्यांच्या टोपाशी. चणे आदल्या रात्री भिजत घालायचे, खोबऱ्याच्या कातळ्या करायच्या, मीठ पुन्हा पुन्हा चाखायचं. लादाइन संपली रे संपली की सगळे हात पुढे. टेकायचं कुणी?

वर प्रवचनात लूकच्या शुभवर्तमानातल्या दोन बहिणी, मार्था आणि मरीया. मरीया येशूच्या पायांशी बसली म्हणून शहाणी, मार्था स्वयंपाकात म्हणून खुळी. योहानाचं शुभवर्तमान कुणी उघडत नाही. त्यात भाऊ लाजरस मेल्यावर गावाबाहेर जाऊन ‘तू ख्रिस्त आहेस’ म्हणणारी मार्थाच आहे. पुढच्या अध्यायात ती परत वाढतेय, तेव्हा येशू तिला चकार शब्द बोलत नाही. चर्चमध्ये २९ जुलै हा तिचा एकटीचा स्मरणदिन होता. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिसनी तो मरीया आणि लाजरस धरून तिघा भावंडांचा केला. तिथंही वाटणी झालीच!

वास्कोतला नगरकर
चण्यांचं मान्य. पण लूक नीट वाचा. येशू तिला स्वयंपाकावरून बोलत नाही, ‘काळजी व दगदग’ यावरून बोलतो. पुरुषांनी टोप उचलावा हा वेगळा मुद्दा, त्यावर आपलं भांडण नाही.

पेडण्याची
वेगळा कसा? तोच मुद्दा आहे. एकाचा विसावा दुसऱ्याच्या कंबरेवर उभा असतो.

फोंडेकर
मी ख्रिस्ती नाही, नुसता वाचतोय. हा वाद आमच्याकडेही जुना आहे. माकडाचं पिल्लू आईला घट्ट धरून राहतं, मांजराचं पिल्लू पडून राहतं आणि आई त्याला मानगुटीला धरून नेते. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांचे वडकलै आणि तेंकलै हे दोन पंथ या मर्कट-मार्जार वादात आमनेसामने आहेत. नगरकर मांजरवाले दिसतात. एकच शंका, गोंयकारांना आधीच लोक सुशेगाद, म्हणजे निवांत बसणारे, म्हणतात, त्यात हे तत्त्वज्ञान!

पेडण्याची
सुशेगाद म्हणणाऱ्यांना पहाटे पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भट्टीवर उभं करा.

नाइट ड्युटी
मी नर्स आहे. मला या वादाची दुसरी बाजू वॉर्डात दिसते. साखरेचा पेशंट, पायाची जखम चिघळलेली, पट्टी सोडली तर खोलीभर वास. इन्शुलिन बंद का केलं विचारलं तर म्हणाला, देवावर सोपवलंय. बायको हळूच म्हणाली, घरी प्रार्थनेला येणाऱ्यानं सांगितलं की औषध घेतलं तर तो अविश्वास. त्याची दोन बोटं काढावी लागली. नगरकर, तुम्ही चांगल्या मनानं ‘टेका’ म्हणता. ऐकणारा काय ऐकतो याची जबाबदारी कुणाची?

वास्कोतला नगरकर
हे वाचून पोटात गोळा आला. पण बघा, त्या माणसालाही अटच घातली होती. औषध सोडलंस तर देव बरं करील! औषध न घेणं हीच त्याची कामगिरी झाली. ताईंचे उपास आणि त्याचं इन्शुलिन, दोन्हीकडे देवाला काहीतरी करून दाखवायचं आहे. ज्याला आपण स्वीकारले गेलोय याची खात्री आहे, तो निमूटपणे सुई टोचून घेतो.

पायी जाणारा
जुन्या गोव्याच्या नोव्हेनाला, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला, २४ नोव्हेंबरपासून ३ डिसेंबरच्या फेस्ताच्या आधी, आम्ही पायी जातो. रात्री निघतो, हायवेच्या कडेनं एका रांगेत, पुढच्याच्या पाठीवर चमकणारी पट्टी. तासाभरानं बोलणं थांबतं, मग नुसते पाय चालतात. मला वर्षभरात एवढा आराम दुसरीकडे मिळत नाही. नवस नाही, काही मागणं नाही. तुम्ही बाहेरून बघता तेव्हा ते राबणं दिसतं.

आणि बाणावलीत जन्मलेले संत जुझे वाझ? श्रीलंकेतल्या कँडीत १६९७ मध्ये देवीची साथ आली, राजासकट लोक शहर सोडून गेले. वाझ आणि त्यांचा भाचा आजाऱ्यांची सेवा करत आणि मेलेल्यांना पुरत राहिले. त्यांना काय सांगणार, टेका?

जुना वाचक
वाझांवरून आठवलं. १६८७ मध्ये रोमनं मोलिनोस या स्पॅनिश पाद्रीची शिकवण दोषी ठरवली. आत्म्यानं स्वतः काही करू नये, मोहाशी झगडूही नये, असा त्याचा रोख. त्याच वर्षी वाझ मजुराच्या वेषात श्रीलंकेतल्या जाफन्याला उतरले, कारण डच राजवटीत कॅथलिक पाद्र्यांना बंदी होती.

नगरकर, तुम्ही इफिसकरांस पत्रातली सोयीची ओळ घेतलीत. पुढचीच ओळ म्हणते की आपण सत्कर्मांसाठी निर्माण झालोय. इब्री लोकांस पत्रात तर त्या विसाव्यात शिरण्यासाठी खटपट करा असं आहे! १९९९ मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबुर्गला लुथरन (प्रोटेस्टंटांतला एक पंथ) आणि कॅथलिक यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. स्वीकार केवळ कृपेनं, आणि सत्कर्मं त्यातूनच. तुमच्या-आमच्या पंथांचं एवढं जुळलंय, धाग्यावरच काय ते भांडण.

वास्कोतला नगरकर
पुढची ओळ माझ्याच बाजूची आहे. आधी निर्माण झालो, मग कर्मं. वाझ कँडीत राहिले ते देवाला खूश करायला राहिले असं मला वाटत नाही. त्यांना भीती उरली नव्हती.

नाइट ड्युटी
भीती उरली होती की नव्हती ते तुम्हाला कसं कळलं? साथीत काम केलंय मी. भीती असते, आणि पाळी संपेपर्यंत कामही असतं. रुग्णाला त्यातलं कामच उपयोगी पडतं.

पेडण्याची
हेच मी मघापासून सांगतेय. आता कुणीतरी परत मरीयेवर येईल बघा.