शब्दचर्चा: क्वाग्गा नामशेष ‘झाला’ की ‘केला’?

विचारणा

दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाग्गावर मराठी नोंद तयार होत आहे. हा झेब्र्याचाच प्रकार: पुढच्या अंगावर पट्टे, मागचं अंग साधं तपकिरी. नोंदीत वाक्य आहे, ‘वसाहतकाळात क्वाग्गा नामशेष झाला.’ नामशेष, लुप्त, निर्वंश यांपैकी इथे कोणता शब्द चपखल? आणि त्या काळच्या इंग्रजी लेखनात पावलोपावली येणारे ‘गेम’ आणि ‘पोचिंग’ हे शब्द मराठीत कसे आणावेत?

प्रतिसाद १

‘नामशेष’च ठेवा. ज्याचं नाव तेवढं उरलं तो नामशेष, आणि क्वाग्गाच्या बाबतीत हे शब्दशः खरं आहे. नाव खोईखोई लोकांचं, प्राण्याच्या ओरडण्यावरून पडलेलं. डच वसाहतवाल्यांनी ते सरसकट सगळ्या झेब्र्यांना लावलं आणि घात तिथेच झाला. १८७०च्या दशकात ऑरेंज फ्री स्टेट या दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर (डच वंशाच्या) प्रजासत्ताकातले शेवटचे कळप संपत होते, तरी ‘क्वाग्गा’ लोकांना दिसतच होते, कारण दिसणारे झेब्रे दुसऱ्या प्रकारचे होते. १२ ऑगस्ट १८८३ रोजी ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात एक मादी मेली. ती शेवटची होती हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. केप वसाहतीने त्याला कायद्याचं संरक्षण दिलं १८८६ साली, म्हणजे तीन वर्षं उशिरा.

पुढे १९८४ मध्ये संग्रहालयातल्या कातड्याला चिकटलेल्या वाळक्या मांसातून त्याचा डीएनए काढला गेला. नामशेष प्राण्याच्या बाबतीत असं पहिल्यांदाच घडलं. क्वाग्गा हा मैदानी झेब्र्याचाच उपप्रकार ठरला, आणि जुनं नाव आधी हा नियम असल्याने त्या सगळ्या जातीचं शास्त्रीय नाव आज ‘इक्वस क्वाग्गा’ आहे. प्राणी गेला, नाव मात्र भावंडांवर पसरलं.

‘लुप्त’ नको. लुप्त म्हणजे दिसेनासं झालेलं. सरस्वती लुप्त झाली म्हणताना ती कुठेतरी वाहत असेल ही शक्यता आपण ठेवतो. ‘निर्वंश’ अर्थाने बरोबर, पण मराठीत तो घराण्याचा शब्द आहे, त्याला शापाचा वास येतो.

प्रतिसाद २

नामाबद्दल सहमत, क्रियापदाबद्दल नाही. ‘झाला’ म्हटलं की कर्ता गायब होतो आणि पाऊस थांबला तसा क्वाग्गा संपला असं वाटतं. इथे कर्ता ठाऊक आहे. केपमधले वसाहतवाले शेतकरी क्वाग्गा मारायचे, मांस मजुरांना खाऊ घालायचे, कातड्याची धान्याची पोती शिवायचे. शिवाय मेंढरांच्या चराईत तो वाटेकरी होता, म्हणजे त्याला मारण्यात दुहेरी फायदा. ‘नामशेष केला’ कानाला जरा जड वाटत असेल तर ‘मारून संपवला’ लिहा, ते अस्सल मराठी आहे.

आणि याला ‘शिकार’ म्हणू नये. शिकारीत सावज निसटण्याची शक्यता गृहीत असते. कातड्यांसाठी कळपच्या कळप झोपवणं ही कत्तल. ‘नमुने गोळा केले’ या शब्दप्रयोगाकडेही सावधपणे बघावं. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांची १९०९-१०ची पूर्व आफ्रिकेतली मोहीम वॉशिंग्टनच्या संग्रहालयासाठी होती. बापलेकांनी मिळून ५१२ जनावरं मारली. त्यांत १७ सिंह, ११ हत्ती, २० गेंडे. कातडी टिकवायला चार टन मीठ बरोबर होतं. मराठीत ‘नमुना’ म्हणजे वानगीदाखल एखाददुसरा. वीस गेंड्यांना तो शब्द पेलत नाही.

प्रतिसाद ३

‘गेम’साठी ‘शिकारीचे प्राणी’ चालेल, पण त्याचा आत्मा ‘मृगया’ या शब्दात आहे. मृगया राजाची असते, पारध कुणाचीही. वसाहतींच्या शिकार-कायद्यांनी नेमकं हेच केलं. ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत हौशी शिकाऱ्याचा परवाना ५० पौंडांचा होता. तिथे तेव्हा भारतीय रुपया चालत असल्याने हे झाले ७५० रुपये. तेवढे भरणाऱ्याने हत्ती मारला तर ती मृगया. विषारी बाण वापरून पिढ्यान्‌पिढ्या हत्ती मारत आलेल्या तिथल्याच कांबा जमातीच्या माणसाने मारला तर गुन्हा.

म्हणून ‘पोचिंग’ला डोळे झाकून ‘चोरटी शिकार’ लिहू नये. आजच्या हस्तिदंत-टोळ्यांना तो शब्द योग्यच आहे. १९००च्या सुमाराच्या कांबा शिकाऱ्याबद्दल लिहायचं तर ‘विनापरवाना शिकार’ म्हणा, म्हणजे चोरीचा शिक्का आपल्या लेखणीतून उमटणार नाही. आपल्याकडे हे वेगळं सांगायला नको: ‘पारध’ या शब्दावरूनच नाव पडलेल्या पारधी समाजावर इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मजात गुन्हेगारीचा डाग लावला.

त्याच मासल्याचा आणखी एक शब्द, ‘उपद्रवी’. मे १९०० मध्ये लंडनला आफ्रिकेतल्या वन्यप्राण्यांबाबत युरोपीय सत्तांचा करार झाला. त्याच्या याद्यांत जिराफ आणि गोरिला रक्षणीय, गिधाडं उपयुक्त, आणि सिंह, बिबट्या, रानकुत्रा, मगर यांची संख्या कमी करायची. पुरेशा सत्तांनी मान्यता न दिल्याने करार अमलात आला नाही, पण यादीमागची दृष्टी टिकली. नोंदीत ‘उपद्रवी’ लिहिताना कुणाला उपद्रवी, हे लिहाच.

प्रतिसाद ४

हत्तीचा विषय निघालाच आहे तर ‘सुळा’ या शब्दाबद्दल. बोलताना हत्तीचे सुळे म्हणतो, हरकत नाही. पण ते आपल्या सुळ्यांच्या जागचे दात नव्हेत. हत्तीचे सुळे हे वरच्या जबड्यातले वाढलेले पटाशीचे दात आहेत. पाणघोड्याचे मात्र खरे सुळे. हत्तीच्या सुळ्याचा सुमारे एक तृतीयांश भाग कवटीत रुतलेला असतो, म्हणून पूर्ण सुळा मिळवायला जनावर मारून कवटी फोडावी लागते. ‘सुळे काढले’ हे वाक्य त्यामुळे फसवं आहे.

मुळाकडचा भाग पोकळ, टोकाकडचा भरीव. पोकळ भागाच्या बांगड्या निघत. पूर्व आफ्रिकेचा माल झांझिबारहून मोठ्या प्रमाणात मुंबईत उतरे, त्यातला काही लंडनला जाई, काही गुजरात-राजस्थानातल्या चुड्यांत. बिलियर्डच्या चेंडूंना मात्र भरीव दात लागे, आणि मधली नस चेंडूच्या बरोबर केंद्रातून जावी लागे, नाहीतर चेंडू एका बाजूला ओढतो आणि तडकतो. चेंडूपेक्षा जेमतेम जाड असा लहान सुळा यासाठी उत्तम. असे सुळे मुख्यतः माद्यांचे. आशियाई हत्तिणीला बाहेर दिसणारे सुळे सहसा नसतात, त्यामुळे दातासाठी तिचा जीव जात नाही. आफ्रिकन हत्तिणीला असतात. गर्भकाळ २२ महिने, दोन पिल्लांत चार-पाच वर्षांचं अंतर. माद्या मारल्या की कळप भरून निघत नाही. वरच्या करारात ५ किलोंपेक्षा हलक्या सुळ्यांच्या निर्यातीवर बंदी घातली होती, ती लहान जनावरं वाचावीत म्हणूनच.

प्रतिसाद ५

‘झाला’ला हद्दपार करण्याआधी एक शब्द विचारात घ्या: बुळकांडी. गुरांचा हा रोग मराठी शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत होता. नावही जुलाबांवरून पडलेलं. १८८०च्या दशकाच्या अखेरीस तो एरिट्रियातल्या मसावा भागात पोचला. इटालियन फौजेसाठी भारतातून आणलेल्या गुरांबरोबर तो आला, असं बहुतेक इतिहासकार मानतात. तिथून दक्षिणेकडे सरकत १८९६ मध्ये झांबेझी ओलांडली, १८९७पर्यंत केप गाठलं. गुरं बहुतेक ठिकाणी दहातली आठ-नऊ मेली. सोबत रानम्हशी, एलंड आणि कुडू ही मोठी हरणं, जिराफ. या प्राण्यांना बंदुकीने नाही, बुळकांडीने मारलं. तिथे ‘कत्तल’ लिहिलं तर चूक होईल.

पण परिणाम इथे थांबत नाही. गुरं मेली, चराई थांबली, झुडपं माजली, झुडपांबरोबर निद्रारोग पसरवणारी त्से-त्से माशी पसरली. उपासमार आणि निद्रारोग यांनी गावंच्या गावं उठली. मग आलेल्या युरोपीय लोकांनी त्या मुलखाला अस्पर्श अरण्य म्हटलं. मराठीत आपण त्याला बेधडक ‘निर्जन रान’ लिहितो. खरं तर ते ‘ओस पडलेलं’ होतं. ओस पडायला आधी वस्ती असावी लागते. उलट दिशेचा पुरावाही आहे: गुरांना लस टोचल्यावर टांझानियातल्या सेरेंगेटीच्या गवताळ रानातले विल्डबीस्ट (कळपाने राहणारी मोठी हरणं) १९६१च्या सुमारास अडीच लाख होते, ते १९७०च्या दशकाअखेर बारा-तेरा लाखांवर गेले. २०११ मध्ये बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं. तिला मात्र खुशाल ‘नामशेष केली’ म्हणा.

विचारणा करणाऱ्याकडून

आभार. नोंदीतलं वाक्य आता असं: ‘केपमधल्या वसाहतवाल्यांनी मांस, कातडी आणि मेंढरांच्या चराईसाठी क्वाग्गा मारून संपवला, शेवटची मादी १८८३ मध्ये ॲमस्टरडॅमला मेली.’ एलंड आणि रानम्हशींच्या परिच्छेदात ‘बुळकांडीने मेले’. एक शंका उरते: मथळ्यात ‘सफारी’ ठेवावा का?

प्रतिसाद ३ लिहिणाऱ्याकडून

ठेवा, तो परका नाही. स्वाहिलीत सफारी म्हणजे नुसता प्रवास, मूळ अरबी ‘सफर’, आणि तोच शब्द फारसीतून मराठीत आला. बंदूक त्याला नंतर चिकटली. फक्त १९०९च्या संदर्भात ‘शिकारी सफारी’ असं पूर्ण लिहा, म्हणजे आजच्या जीपवाल्या पर्यटकाशी गल्लत होणार नाही.