जेआर-वनशी लग्न ठरलंय : मुहूर्त, रजा आणि इमर्जन्सीचा वार

सुमेध_पुणे

होणाऱ्या बायकोला मुंबईतल्या सरकारी कॉलेजात एमडी मेडिसिन मिळालं. जेआर-वन, म्हणजे पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर, म्हणून रुजू होऊन तीन आठवडे झाले. मी पुण्यात नोकरीला, आठवड्यातले दोन दिवस घरून काम. साखरपुडा झालाय आणि दोन्हीकडचे मे महिन्यातला मुहूर्त धरून बसलेत. तिला विचारलं की "नंतर बोलू" म्हणते, आणि ते नंतर काही उजाडत नाही. तीन वर्षं असंच चालणार हे ठाऊक आहे, रडगाणं गायला आलो नाही. रजा नेमक्या किती आणि कशा मिळतात? लग्न कधी धरावं? आणि एरवी भेटायचं-बोलायचं कसं बसवतात? ज्यांना या आतल्या गोष्टी माहीत आहेत त्यांनी सविस्तर लिहावं.

वॉर्ड_नऊ

सगळ्यात आधी एकच गोष्ट विचारून घ्या : त्यांच्या युनिटची इमर्जन्सी कोणत्या वारी असते? पुढचं सगळं त्यावर.

मेडिसिनला साधारण पाच-सहा युनिटं असतात. आठवड्यातला एकेक वार एकेका युनिटचा, रविवार आळीपाळीने. त्या वारी सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत कॅज्युअल्टीतून भरती होणारा प्रत्येक पेशंट त्याच युनिटच्या नावावर. समजा सोमवारची इमर्जन्सी आहे. पहाटे सहाला प्री-राउंडला वॉर्डात शिरलेली जेआर-वन मंगळवारी रात्री नऊच्या आसपास बाहेर पडते. मंगळवार हा पोस्ट-इमर्जन्सी. घरच्यांना वाटतं रात्र संपली, म्हणजे पोर सुटली. खरं तर दोन्हींत जड हाच दिवस. रात्रीच्या सगळ्या भरत्यांची हिस्टरी नीट लिहायची, रक्ताचे नमुने पाठवायचे, सीटी-सोनोग्राफीची तारीख मिळवायची, लॅबमधून रिपोर्ट आणायचे, आणि हे सगळं बॉसच्या राउंडआधी. राउंडला ज्याचा रिपोर्ट हातात नसतो त्या पेशंटवरून बोलणी बसतात ती जेआर-वनलाच. बुधवारी काम तेवढंच, पण संध्याकाळी झोप मिळते. माणसासारखं बोलणं-बसणं शक्य होतं ते गुरुवारनंतर, आणि तेव्हाही एक दिवस ओपीडीचा.

आता हाच हिशेब वेगळ्या वारांना लावून बघा. शनिवारची इमर्जन्सी असेल तर रविवार कायमचा पोस्ट-इमर्जन्सी, तेव्हा "रविवारी भेटू" हे बोलणंच बाद. शुक्रवारची असेल तर शनिवार गेला आणि रविवारी दुपारपर्यंत झोप. बुधवार-गुरुवारची इमर्जन्सी असलेले त्यातल्या त्यात नशीबवान. वार कळला की तुमच्या मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये इमर्जन्सी आणि पोस्ट-इमर्जन्सी लाल करून टाका. त्या दोन दिवसांत लग्नाचा हॉल, मामांचा रुसवा, पत्रिकेचा मजकूर, काहीही काढायचं नाही. "नंतर बोलू"मागे बहुतेक वेळा विषयाचा कंटाळा नसतो, तुम्ही विचारलेला वार चुकलेला असतो.

फोनचं : उचलला नाही तर लगेच परत लावू नका. मेसेज असा लिहा की उत्तर एका शब्दात देता येईल. "कशी आहेस?" याला छत्तिसाव्या तासाला उत्तर सुचत नाही. "जेवलीस का?", "शनिवारी आठला येऊ?" याला सुचतं. खरोखर घरी काही झालं तर त्यासाठी एक खूण ठरवून ठेवा, उदाहरणार्थ लागोपाठ तीन रिंग, आणि ती खूण दुसऱ्या कशासाठीही वापरू नका. सोबतच्या एका को-रेसिडेंटचा नंबर त्यांच्याकडून मागून घ्या. तोही फक्त अशाच वेळेसाठी.

आणि प्रवास तुम्ही करायचा. मोकळ्या संध्याकाळी त्यांना पुण्याला बोलावलंत तर जाता-येता सात-आठ तास जातात. ती त्यांची आठवड्याची झोप आहे.

रजेचा_अर्ज

कागदावरचं आधी. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमांत वर्षाला किमान २० दिवस पगारी किरकोळ रजा, वर ५ दिवस शैक्षणिक रजा, आणि कामाच्या निकडीनुसार आठवड्याची एक सुट्टी आहे. हजेरी ८० टक्के हवी. ठरल्यापेक्षा जास्त रजा झाली तर तेवढे दिवस कोर्स लांबतो. प्रसूती रजा सरकारी नियमांप्रमाणे मिळते, पण तिचा परिणाम परीक्षेच्या सत्रावर होऊ शकतो, तेव्हा मुलाचा विचार असेल तर हे गणित आधी कॉलेजच्या पदव्युत्तर विभागात विचारून घ्यावं.

तासांचं म्हणाल तर १९९२ ची केंद्राची निवासी डॉक्टर योजना एका वेळी १२ तास आणि आठवड्याला ४८ तास म्हणते. आयोगाच्या कृती दलाने २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा सुचवली. आता वरच्या प्रतिसादातला सोमवार घ्या : सकाळी सहा ते मंगळवारी रात्री नऊ म्हणजे ३९ तास. बुधवार ते शनिवार रोज तेरा धरा, ५२. रविवार अर्धा, ६. झाले ९७. नियम दाखवून भांडायला जाऊ नका, तुमच्या भांडणाची किंमत युनिटमध्ये त्या मोजतील. नियम माहीत असावेत ते एवढ्यासाठी की रजा म्हणजे मेहेरबानी नाही हे दोघांनाही पक्कं ठाऊक असावं.

प्रत्यक्षात रजा अशी मिळते. आधी युनिटमधल्या दुसऱ्या जेआर-वनशी आणि रोस्टर (ड्यूटीचा तक्ता) लावणाऱ्या सिनियरशी बोलून आपल्या ड्यूट्या कोण करणार ते नावानिशी ठरवायचं. मग लेखी अर्ज, त्यात बदली माणसाचं नाव आणि सही. मग युनिट हेड, त्यानंतर एचओडी (विभागप्रमुख). बिघडतं ते दोन ठिकाणी. बॉस राउंडमध्ये चालता चालता "हो, जा" म्हणतात आणि कागद कुठेच नसतो. किंवा बदली माणूस आजारी पडतो आणि दुसरं नाव ठरवलेलंच नसतं. लग्नासारख्या रजेला दोन नावं ठेवा. घेतलेली ड्यूटी महिन्याच्या आत फेडायची, नाहीतर पुढच्या वेळी कोणी उभं राहत नाही.

दिवाळीला सगळ्यांनाच घरी जायचं असतं. अर्धे लक्ष्मीपूजनाला, अर्धे भाऊबीजेला, अशी वाटणी दसऱ्याच्याही आधी करून टाकतात. उशिरा तोंड उघडलं की उरलेलं पदरात पडतं.

आता तुमचा मे. टाका तो विचार. पहिल्या काही महिन्यांतल्या जेआर-वनला सलग आठ दिवस सोडणं युनिटला परवडत नाही, आणि मेमध्ये अध्यापक आळीपाळीने उन्हाळी सुट्टीवर असतात. पावसाळाही नको. जुलै ते ऑक्टोबर मुंबईत डेंग्यू, मलेरिया, लेप्टोने मेडिसिनचे वॉर्ड भरून जमिनीवर गाद्या येतात. चातुर्मासात मुहूर्त नसतात ते एका परीने बरंच आहे.

"एक वर्ष झालं की धरू" असंही म्हणू नका. वर्ष कॅलेंडरने संपत नाही, पुढची बॅच रुजू झाली की संपतं. २०२१ च्या नीट-पीजीचं (पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचं) समुपदेशन, म्हणजे जागावाटप, कोर्टकज्ज्यात अडकून जानेवारी २०२२ मध्ये सुरू झालं, आणि तोवर जेआर-वन होते ते जेआर-वनच राहिले. २०२४ ची परीक्षा ऑगस्टमध्ये झाली, प्रवेशाच्या फेऱ्या २०२५ उजाडल्यावरही चालूच होत्या. नवे आले की त्यांना कामाला लावण्यात महिना-दीड महिना जातो. त्यानंतर धरा. दुसरी मर्यादा पलीकडची : प्रबंध परीक्षेच्या सहा महिने आधी द्यावा लागतो आणि मग अभ्यास. म्हणून तिसऱ्या सत्राच्या (सत्र सहा महिन्यांचं) मध्यापासून पाचव्याच्या मध्यापर्यंत ही खिडकी. त्याच काळात कधीतरी तीन महिन्यांची जिल्हा निवासी योजना येते. जिल्हा रुग्णालयात काम बहुतेक ठिकाणी हलकं असतं, पण गाव आपल्या आवडीचं मिळेल असं नाही आणि तिथल्या रजेला तिथल्या समन्वयकाची परवानगी लागते. लग्नाचा हॉल घेण्याआधी त्या पोस्टिंगच्या तारखा हातात असू द्या.

दोन_हार

वरच्या मताशी थोडा असहमत. दीड वर्ष थांबायचं असेल तर नोंदणी आधी उरकावी, मांडव नंतर. विशेष विवाह कायद्याखाली दोघांपैकी एक जण ज्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहतोय तिथे नोटीस द्यायची. ३० दिवसांनी लग्न करता येतं, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत करावं लागतं. प्रत्यक्ष विवाहाला दोघं आणि तीन साक्षीदार पुरतात. त्या दिवसाला एक किरकोळ रजा खर्ची पडते, फार तर दोन. तारीख इमर्जन्सीनंतरच्या तिसऱ्या दिवसाची मागा. हॉस्टेलात विवाहितांसाठीच्या खोल्या मोजक्या असतात, पण अर्ज करायचा तर लग्नाचा दाखला हवाच.

आई-वडिलांना हे पटवून देणं तुमचं काम. "तीच नको म्हणते" असं तुमच्या घरी एकदा जरी बोललात तर ते पुढची वीस वर्षं ऐकावं लागेल.

रजेचा_अर्ज

हे मान्य. फक्त नोटिशीचे तीन महिने पावसाळ्यात संपत नाहीत ना तेवढं बघा.

सुई_आणि_सुरी

कोणी काढत नाही म्हणून लिहितो. हिपॅटायटिस बीच्या तीन लसी (०, १, ६ महिने) झाल्यात का, आणि त्यानंतर टायटर (रक्तातली अँटिबॉडीची पातळी) तपासलंय का, हे त्यांना विचारा. १० च्या वर हवं. तुम्हीही लस घ्या. सुई टोचली तर साबण-पाण्याने धुवायचं, पिळायचं नाही, आणि लगेच कळवायचं. एचआयव्हीसाठी पीईपी (संसर्ग टाळायच्या गोळ्या) शक्यतो दोन तासांत, ७२ तासांच्या आत, २८ दिवस. शेवटची तपासणी साफ येईपर्यंत कंडोम. हे सांगायला संकोच वाटून लपवाछपवी होते आणि नात्यात नको तो संशय शिरतो, म्हणून "टोचली तर मला सांगायचं, मी काही विचारणार नाही" असं आधीच बोलून ठेवा. दोन आठवड्यांवर खोकला टिकला तर थुंकी तपासायची, मेडिसिनच्या डॉक्टरनेसुद्धा. पोस्ट-इमर्जन्सीला दुचाकी चालवायची नाही.

सुमेध_पुणे

सगळ्यांचे आभार. इमर्जन्सी गुरुवारची निघाली. मेचा विषय काल घरी बंद केला, नोंदणीचं तिला शनिवारी विचारेन. अजून दोन गोष्टी. हॉस्टेल ठेवावं की भाड्याने खोली? आणि परवा ती म्हणाली, "सीट सोडावीशी वाटते." हे कितपत मनावर घ्यायचं?

वॉर्ड_नऊ

खोलीचं सोपं आहे. जेआर-वन असेपर्यंत हॉस्टेल सोडू नये. मधल्या दोन तासांत पाठ टेकायला जवळ जागा लागते. खोली घ्यायचीच तर चालत दहा मिनिटांच्या आत. रुग्णालयाच्या तेवढ्या जवळ जे भाडं पडतं ते ऐकून तुम्हीच हॉस्टेल म्हणाल. विद्यावेतन कधी कधी उशिरा येतं, दोन महिन्यांचा खर्च बाजूला असू द्या. डब्याचे पैसे तुम्ही परस्पर भरा आणि डबा वॉर्डात पोचता करायला सांगा.

मनाचे_वॉर्ड

सीट सोडण्याबद्दल. कधी म्हणाल्या ते आधी बघा. पोस्ट-इमर्जन्सीच्या रात्री हे वाक्य जवळपास प्रत्येक जेआर-वन म्हणतो. दोन रात्री नीट झोपल्यावरही तेच असेल, झोपायला मिळूनही झोप येत नसेल, जेवण सुटलं असेल, आवडीचं काही नकोसं झालं असेल, आणि हे दोन आठवडे टिकलं असेल, तर हा थकवा राहिला नाही, उपचार लागतो. "मरावंसं वाटतं का, तसं काही मनात आहे का?" असं सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात भरत नाही. उत्तर "हो" असेल तर त्या रात्री त्यांना एकटं राहू देऊ नका. तुम्ही निघा, आणि तुम्ही पोचेपर्यंत को-रेसिडेंट सोबत असू दे. टेलि-मानस १४४१६ चोवीस तास चालू असतं, मराठीत बोलता येतं. आपल्याच रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जायला रेसिडेंट कचरतात, ओळखीचे चेहरे असतात म्हणून. दुसऱ्या रुग्णालयात दाखवा.

कारण काम आहे की माणूस, हेही विचारा. एखादा सिनियर छळत असेल तर तारीख-वेळेसह टिपणं ठेवायची. तक्रार कॉलेजच्या रॅगिंगविरोधी समितीकडे किंवा १८००-१८०-५५२२ वर. युनिट बदलून मिळू शकतं, सीट सोडण्याआधी तो रस्ता बघावा. सोडायचीच ठरली तर दंड आणि पुढच्या प्रवेशावरची बंदी प्रवेश पुस्तिकेत लिहिलेली असते. ती तुम्ही शांतपणे वाचून ठेवा, त्यांना वाचायला लावू नका. राजीनाम्याआधी आजारपणाची रजा हा पर्याय असतो.

आणि त्या बोलत असताना उपाय सुचवायची घाई नको. "मग सोड ना" आणि "सगळेच करतात" ही दोन्ही उत्तरं सारखीच वाईट.

सुमेध_पुणे

बुधवारी रात्री म्हणाली होती, म्हणजे इमर्जन्सीच्या आदल्या दिवशी. झोप झालेली होती. या शनिवारी दुपारी निघतोय, लग्नाचं काही काढणार नाही.

मनाचे_वॉर्ड

मग शनिवारपर्यंत थांबू नका. उद्या पोस्ट-इमर्जन्सी संपते तेव्हा हॉस्टेलच्या दारात असा. येण्याआधी को-रेसिडेंटला आजच एक फोन करा, दोन दिवसांत त्या कशा वाटल्या ते विचारा.

रजेचा_अर्ज

आणि जाल तेव्हा रविवारच्या आळीपाळीच्या तक्त्याचा फोटो काढून आणा. तो सहसा सिनियरच्या मोबाइलवर किंवा ड्यूटी रूमच्या दारावर असतो.